समुद्रांतील पवनचक्क्या

इ. स. २०१७ सालीं डेन्मार्कमधील लोलंड बेटाच्या किनाऱ्याजवळ एक लहानसें काम चाललें होतें. उथळ समुद्रांत उभ्या असलेल्या अकरा पवनचक्क्यांचीं पातीं एकामागून एक उतरवून, मनोरे सोडवून आणि खालचे काँक्रीटचे पाये फोडून सर्व साहित्य बंदरांत आणण्यांत येत होतें. समुद्रांत उभारलेला पवन-विजेचा जगांतील पहिला कारखाना तो हाच. विंडेबी हें त्याचें नांव. १९९१ सालीं तो सुरू झाला आणि बंद होईपर्यंत त्यानें एकंदर चोवीस कोटि तीस लक्ष युनिट वीज दिली. आंकडा ऐकावयास मोठा वाटतो. परंतु इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यापासून सुमारें १२० किलोमीटर दूर असलेला हॉर्नसी वन नांवाचा कारखाना, वारा भरपूर असला व सर्व यंत्रें पूर्ण शक्तीनें चाललीं, तर तेवढीच वीज नऊ दिवसांच्या आंत देऊं शकतो.

पंचवीस वर्षें आणि नऊ दिवस, ह्या दोहोंच्या मध्यें काय घडलें तें आज आपणांस सांगावयाचें आहे. यंत्रें कशीं मोठीं झालीं हें त्यांत येईलच; परंतु मला विशेष कुतूहल आहे तें दुसऱ्याच एका प्रश्नाचें. जी चक्की खेड्यांतल्या शाळामास्तरानें आणि सुतारानें घडविली, ती समुद्रांत गेल्यावर कोणाची झाली?

डेन्मार्क हा देश महाराष्ट्राच्या साधारण सातव्या हिश्श्याएवढा. १८६४ च्या युद्धांत प्रशिया व ऑस्ट्रिया ह्यांच्याकडून पराभव पावून त्यानें श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे दक्षिणेकडील संपन्न प्रांत गमावले. देशांत कोळशाची खाण नाहीं. पर्वत नाहींत, म्हणून धबधबेहि नाहींत. होतें तें एवढेंच: सपाट शेतें, गाई-डुकरें आणि उत्तर समुद्रावरून वाहणारा वारा. पराभवानंतर ह्या राष्ट्रानें जी उभारी धरली तींत ग्रुंडविग नांवाच्या धर्मोपदेशकाच्या कल्पनेंतून निघालेल्या लोकविद्यालयांचा वाटा मोठा होता. हीं विद्यालयें परीक्षा घेत नसत व पदव्याहि देत नसत. हिंवाळ्यांत शेतावर काम नसे तेव्हां शेतकऱ्यांचीं तरुण मुलें तेथें येऊन राहत, इतिहास, भाषा, पदार्थविज्ञान शिकत आणि पुन्हां आपल्या शेतावर परतत. जटलंड प्रांतांतील आस्कोव येथें असें एक विद्यालय होतें. १८७८ सालीं तेथें पोल ला कूर नांवाचा शिक्षक आला.

ला कूर हा मूळचा हवामानशास्त्रज्ञ. राजधानींतील हवामानखात्याची वरिष्ठ जागा सोडून तो ह्या खेड्यांत आला होता. त्याला चिंता वाटे ती अशी, कीं वीज नांवाची ही नवी शक्ति शहरांतच राहिली तर शहरें उजळतील आणि खेडीं अधिकच अंधारांत जातील. सरकारकडून थोडें अनुदान मिळवून त्यानें १८९१ सालीं विद्यालयाच्या आवारांत एक पवनचक्की उभारली आणि जात्याऐवजीं तिला डायनॅमो जोडला. वाऱ्यापासून वीज काढण्याची खटपट त्याच्या आधीं स्कॉटलंडांत व अमेरिकेंत झाली होती, तेव्हां पहिलेपणाचा मान त्याचा नव्हे. परंतु त्यानें त्यापुढचा प्रश्न हातीं घेतला. वारा लहरी, आज आहे, उद्यां नाहीं. मग पडलेल्या वाऱ्याच्या दिवशीं दिवा कसा लावावयाचा?

त्याचें उत्तर धाडसाचें होतें. चक्कीच्या विजेनें तो पाण्याचें पृथक्करण करी आणि निघालेला हायड्रोजन वायु टाक्यांत सांठवून त्यावर विद्यालयांतील दिवे जाळी. सात वर्षें आस्कोवचें विद्यालय ह्याच प्रकाशांत वाचीत होतें. हायड्रोजनांत थोडा प्राणवायु मिसळला कीं स्फोट होई आणि खिडक्यांच्या कांचा उडून जात. असें एकदां नव्हे, अनेकदां झालें. आजचा एकादा शिक्षणाधिकारी हें ऐकून काय म्हणेल ह्याची कल्पनाच करावी! गंमत अशी, कीं सव्वाशें वर्षांनंतर समुद्रांतील विजेचा हायड्रोजन करून ठेवावा म्हणून युरोपांतील सरकारें योजना आंखूं लागलीं, तेव्हां ती कल्पना अगदीं नवी म्हणून मांडली जात होती.

ला कूरनें लहानसा वायुबोगदा करून पात्यांचे प्रयोग केले. त्यांतून त्याला आढळलें, कीं चक्कीला पुष्कळ पातीं लावण्यापेक्षां थोडीं पण भरधांव फिरणारीं पातीं अधिक शक्ति देतात. ह्याहूनहि मोठें काम त्यानें केलें तें माणसें घडविण्याचें. १९०४ सालापासून तो ग्रामीण वीजतंत्री तयार करण्याचे वर्ग चालवूं लागला. शेतकऱ्यांच्या मुलांना चक्की कशी उभारावी, तारा कशा ओढाव्या, बॅटऱ्या कशा सांभाळाव्या हें तेथें शिकवीत. १९०८ सालीं ला कूर वारला; परंतु पहिल्या महायुद्धांत परदेशीं कोळसा व तेल दुर्मिळ झालें तेव्हां त्याच्याच शिष्यांच्या हातांनीं डेन्मार्कच्या खेड्यांत दिवे लागत राहिले.

त्या पहिल्या वर्गांत योहान्नेस यूल नांवाचा सतरा वर्षांचा मुलगा होता. पुढें तो एका वीज कंपनींत अभियंता झाला आणि साठी उलटल्यावर, म्हणजे ज्या वयांत सामान्य माणूस बाग शिंपतो त्या वयांत, पुन्हां गुरूच्या विषयाकडे वळला. १९५७ सालीं देशाच्या दक्षिण टोंकास गेडसर येथें त्यानें २०० किलोवॅटची चक्की उभारली. तीन पातीं, चोवीस मीटरांचा व्यास, आणि गांवोगांव पोंचलेल्या विजेच्या जाळ्याला सरळ जोडलेलें साधें जनित्र. वादळ आलें तर पात्यांचीं टोंकें आपोआप वळत व चक्कीला आवर घालीत. दहा वर्षें ती फारशी डागडुजी न मागतां चालली. मग १९६७ सालीं ती बंद करण्यांत आली. कारण साधें होतें: अरबस्तानचें तेल स्वस्त होतें. यूल १९६९ सालीं वारला. आपल्या यंत्राची आठवण कोणी काढील असें त्याला वाटण्याजोगें तेव्हां कांहीं घडत नव्हतें.

१९७३ सालीं तेलाच्या किंमती एकाएकीं भडकल्या. डेन्मार्कची बहुतेक सर्व शक्ति त्या वेळीं आयात तेलांतून येत असे. राष्ट्र घाबरलें. रविवारीं मोटारी चालविण्यास बंदी झाली. सरकारचें व वीज कंपन्यांचें मन अणुशक्तीकडे ओढ घेत होतें, तर लोकांतील एक मोठा वर्ग तिच्याविरुद्ध उभा राहिला. (शेवटीं १९८५ सालीं डेन्मार्कच्या लोकसभेनें अणुशक्ति आपल्या योजनेंतून वगळली.) ह्या झगड्याच्या काळांत कांहीं माणसें वाद घालण्याऐवजीं हत्यारें घेऊन अंगणांत उतरलीं. जटलंडमधील क्रिस्त्यान रीसेगर ह्या सुतारानें १९७५ च्या सुमारास २२ किलोवॅटची चक्की बांधून आपल्या घरच्या विजेच्या तारांना जोडली. त्विंद येथील शाळांतील शिक्षक-विद्यार्थ्यांनीं तीन वर्षें राबून १९७८ सालीं चोपन्न मीटर व्यासाची चक्की उभी केली. त्याच वर्षीं हेन्रिक स्टीसडाल हा एकवीस वर्षांचा तरुण एका लोहाराच्या मदतीनें चक्की बनवीत होता. तिचे हक्क वेस्टास ह्या कारखान्यानें १९७९ सालीं घेतले. वेस्टास तोंवर शेतीचीं अवजारें व यारी बनवी. आज ती जगांतील आघाडीच्या पवनचक्की-कारखान्यांपैकीं एक आहे. ह्यांतील बहुतेकांनीं घेतलेला नमुना मात्र एकच होता: यूलची गेडसरची चक्की.

येथें थोडें थांबून दुसरीकडे पाहण्याजोगें आहे. त्याच दशकांत जर्मनी व अमेरिका येथील सरकारांनीं विमानविद्येंतील मोठमोठे तज्ज्ञ व भरपूर पैसा लावून प्रचंड चक्क्या बांधल्या. जर्मनीची ग्रोवियान ही शंभर मीटर व्यासाची, तीन मेगॅवॅटची चक्की १९८३ सालीं उभी राहिली आणि मोजके तास फिरून १९८७ सालीं बंद पडली. एका उडींत शिखर गांठण्याचा तो प्रयत्न होता. डेन्मार्कच्या लोहार-सुतारांनीं २२ किलोवॅटपासून ५५, तेथून ७५, तेथून १५०, अशा पायऱ्या चढल्या. प्रत्येक पायरीवर कांहींतरी मोडलें, आणि जें मोडलें तें पुढच्या खेपेस जाड केलें. मोडण्याची लाज न बाळगणें हीच त्यांची विद्या होती, असें मला वाटतें. सरकारनेंहि शहाणपणा केला. त्यानें स्वतः यंत्र बांधलें नाहीं; १९७८ सालीं रीसो येथें परीक्षाकेंद्र काढलें, आणि तेथें पसंत ठरलेली चक्की जो घेईल त्याला तिच्या किंमतीचा कांहीं भाग देऊं केला.

चक्की घेणारे कोण, तर शेजारी-पाजारी. दहा-वीस किंवा पन्नास घरें एकत्र येऊन सहकारी मंडळी करीत, वर्गणी काढीत, गांवाच्या माळावर चक्की उभारीत आणि विजेचें उत्पन्न वांटून घेत. विसावें शतक संपण्याच्या सुमारास त्या लहान देशांतील एक लाखाहून अधिक कुटुंबांचा कोठल्या ना कोठल्या चक्कींत वांटा होता. आपल्याकडील सहकारी साखर कारखाने ज्यांनीं पाहिले आहेत त्यांना ह्या व्यवहाराची कल्पना सहज येईल. वांटा असला म्हणजे चक्कीचा आवाजहि कमी ऐकूं येतो, ही मनुष्यस्वभावाची गोष्ट आहे.

परंतु जमीन थोडी आणि चक्क्या वाढत चाललेल्या. ज्यांचा वांटा नव्हता त्यांना आवाज ऐकूं येऊं लागला, फिरणाऱ्या पात्यांची सांवली खुपूं लागली. समुद्राकडे दृष्टि वळण्याचें हें एक कारण. दुसरें कारण वाऱ्याच्या गणितांत आहे. पाण्यावर घरें, झाडें, टेंकड्या ह्यांचा अडथळा नसतो. तेथील वारा जोरकस व एकसारखा. आणि वाऱ्यांतील शक्ति त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. वेग सव्वापट झाला तर शक्ति जवळजवळ दुप्पट होते. ह्या लोभानेंच माणूस खाऱ्या पाण्यांत उतरला. त्या पाण्यानें काय मागितलें हें त्याला मागाहून कळलें.

१९९० सालीं स्वीडननें नोगरसुंड येथें २२० किलोवॅटची एकच चक्की पाण्यांत उभारून चांचणी घेतली होती. १९९१ सालीं विंडेबी येथें डेन्मार्कनें अकरा यंत्रांची ओळच उभी केली. प्रत्येक यंत्र ४५० किलोवॅटचें. किनाऱ्यापासून अंतर दीड ते तीन किलोमीटर. पाण्याची खोली पुरुष-दोन पुरुष. यंत्रें बोनस नांवाच्या कारखान्याचीं; हा कारखाना मूळचा शेतीला पाणी देण्याचीं साधनें करणाऱ्यांचा, आणि तो लोहाराचा सोबती स्टीसडाल तेव्हां तेथें अभियंता होता. काँक्रीटच्या प्रचंड पेट्या किनाऱ्यावर ओतून, तरंगत नेऊन तळावर बसविल्या आणि आंत वाळू-दगड भरून जड केल्या. मनोऱ्याच्या आंत खारी हवा शिरूं नये म्हणून तो बंदिस्त ठेवला. जमिनीवरच्या चक्कीपेक्षां खर्च पुष्कळ अधिक आला. अनेक जाणत्यांनीं ह्या प्रकाराला महागडें खेळणें म्हटलें, आणि त्या दिवसाचा हिशेब पाहतां त्यांचें चुकलें असें म्हणतां येत नाहीं. १९९५ सालीं टूनो क्नोब येथें दहा चक्क्या उभ्या राहिल्या त्या मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर काय परिणाम होतो हें पाहण्यासाठीं. ऐडर जातीचीं बदकें चक्क्यांपेक्षां तळाच्या शिंपल्यांकडे अधिक लक्ष देतात, असें संशोधकांस आढळलें.

आतां मी मिडलग्रुंडनकडे येतों, आणि येथें थोडा रेंगाळणार आहें. कोपनहेगन बंदरासमोर साडेतीन किलोमीटरांवर एक उथळ पट्टा आहे. बंदराचा गाळ शेंकडों वर्षें तेथें टाकीत असत. त्यावर चक्क्या उभारण्याची कल्पना राजधानींतील नागरिकांच्या एका गटानें पुढें आणली. पहिल्या आराखड्यांत तीन रांगांत सत्तावीस चक्क्या होत्या. लोकांनीं हरकती घेतल्या: शहराच्या तोंडासमोर हें अरण्य कसलें? आराखडा बदलला. वीस चक्क्या, एकच रांग, आणि तीहि शहराच्या जुन्या तटाच्या वळणाशीं जुळणाऱ्या कमानींत. पाये जुन्या जहाजबांधणीच्या गोदींत ओतले. २००० सालाच्या अखेरीस वीज सुरू झाली. एकंदर शक्ति चाळीस मेगॅवॅट, त्या काळीं जगांत सर्वांत अधिक. वीसांपैकीं दहा चक्क्या नगरपालिकेच्या वीज कंपनीच्या आणि दहा सहकारी मंडळीच्या. मंडळीचे ४०,५०० भाग होते. एक भाग म्हणजे वर्षाकांठीं एक हजार युनिट विजेचा वांटा. सभासद साडेआठ हजारांहून अधिक झाले. साडेआठ हजार सामान्य माणसांनीं समुद्रांतील दहा यंत्रें विकत घेतलीं ही गोष्ट औद्योगिक इतिहासांत सहसा आढळणारी नव्हे. साम्सो ह्या बेटाच्या शेतकऱ्यांनींहि २००३ सालीं असेंच केलें. आपल्या बेटाच्या दक्षिणेस दहा चक्क्या. पांच ग्रामसंस्थेच्या, बाकीच्या शेतकऱ्यांच्या व लहान भागीदारांच्या.

मग हा मार्ग तेथेंच कां थांबला? उत्तर हॉर्न्स रेव येथें मिळतें. जटलंडच्या पश्चिमेस, खुल्या उत्तर समुद्रांत, किनाऱ्यापासून चौदा ते वीस किलोमीटर दूर २००२ सालीं वेस्टासच्या दोन-दोन मेगॅवॅटच्या ऐंशी चक्क्या उभ्या राहिल्या. पोलादाचे भले मोठे नळ समुद्रतळांत ठोकून त्यांवर मनोरे चढविले. सर्व चक्क्यांची वीज एकत्र करून दाब वाढविण्याचें ठाणें प्रथमच भरसमुद्रांत बांधलें. मंडळी समुद्रांत गेली खरी, पण समुद्र काय आहे तें दोन वर्षांत कळलें. खाऱ्या दमट हवेनें रोहित्रें बिघडूं लागलीं, जनित्रांतहि दोष निघाले. लाट दीड मीटरांहून उंच झाली कीं होडी मनोऱ्याला लागत नाहीं; मग दुरुस्तीस जाणारा माणूस हेलिकॉप्टरांतून दोरानें उतरवावा लागे. अखेर २००४ सालीं ऐंशींच्या ऐंशी यंत्रांचीं डोकीं उतरवून, जहाजांत घालून, किनाऱ्यावर दुरुस्तीस आणावीं लागलीं. जमिनीवरचें यंत्र समुद्रांत नेऊन ठेवल्यानें तें समुद्राचें होत नाहीं, हा धडा एका झटक्यांत मिळाला. त्याची किंमत कारखान्यानें भरली. ती किंमत साडेआठ हजार भागीदारांच्या मंडळीला भरतां आली असती काय? माझ्या मतें आली नसती. गांवच्या माळावर चक्की बिघडली तर लोहाराला हांक मारतां येते. चौदा किलोमीटर समुद्रांत ती बिघडली तर जहाज, यारी, पाणबुडे आणि विमेवाला ह्यांना हांक मारावी लागते, आणि हीं माणसें उधारीवर येत नाहींत. लोकांच्या हातून चक्की निसटली ती कोणा एकाच्या कपटानें नव्हे. खोल पाण्यानें ती ओढून नेली.

त्याच वर्षीं जर्मनीच्या सीमेन्सनें बोनस विकत घेतला आणि लहान कारखान्यांचें युग संपलें. पुढें केंद्रहि हललें, तें ब्रिटनकडे. त्याला कारणें दोन. एक तर तेथील उथळ वालुकामय समुद्र. आणि दुसरें म्हणजे तेथील समुद्रतळाची मालकी. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचा तळ राजसत्तेच्या मालमत्तेंत मोडतो आणि त्यापलीकडे वीज उभारण्याचे हक्कहि २००४ च्या कायद्यानें तिच्याकडे गेले. म्हणजे भाडेपट्टा देणारा मालक एकच. हजार शेतकऱ्यांच्या संमतीची गरज नाहीं. २००१ पासून हे पट्टे वांटण्यांत आले. २०१३ सालीं टेम्सच्या मुखाबाहेर १७५ चक्क्यांचा, ६३० मेगॅवॅटचा लंडन ॲरे पुरा झाला. त्याचा दुसरा टप्पा मात्र तांबड्या गळ्याच्या पाणबुड्या पक्ष्यांच्या हिंवाळी वस्तीमुळें सोडून द्यावा लागला. हॉर्नसी वन, १,२१८ मेगॅवॅटचा, १७४ यंत्रांचा, पुढच्या सात वर्षांत आला.

ह्या चढणींत बंदरांचीं नशिबें पालटलीं. डेन्मार्कचें एस्बियर्ग बंदर १८६४ च्या पराभवानंतर इंग्लंडशीं व्यापार करण्यासाठीं मुद्दाम वसविलेलें. तेथें मासेमारी भरभराटली, ओसरली, मग समुद्रांतील तेलाचीं जहाजें आलीं, आणि मग पात्यांचे ढीग. इंग्लंडमधील ग्रिम्सबी ह्या बंदराची कहाणी अधिक करुण. आइसलंडशीं चाललेला कॉड माशाचा झगडा १९७६ सालीं ब्रिटन हरलें आणि दूरच्या समुद्रांत जाणारा ग्रिम्सबीचा ताफा बसला. आज त्याच गोद्यांतून चक्क्यांच्या दुरुस्तीच्या होड्या निघतात. शेजारच्या हल बंदरांत २०१६ सालीं पात्यांचा कारखाना निघाला. काम आलें हें खरें. परंतु ज्याची होडी गेली त्यालाच तें काम मिळालें असें नाहीं. पगारी तंत्रज्ञ होणें आणि स्वतःच्या होडीचा धनी असणें ह्यांत अंतर आहे. चक्क्यांच्या रांगांत जाळें ओढणें धोक्याचें असतें. बेल्जियम व जर्मनी येथें त्या हद्दींत मासेमारीस सामान्यतः बंदीच आहे. किनाऱ्याचा कोळी म्हणतो कीं आमची शेतें कोणीतरी कुंपण घालून नेलीं, तें अगदींच खोटें नव्हे.

ग्राहकाला मात्र लाभ झाला. ब्रिटिश सरकारनें लिलावाची पद्धत घातली: जो सर्वांत कमी दरांत वीज देण्यास तयार त्याला पंधरा वर्षें तो दर बांधून द्यावयाचा. २०१५ च्या लिलावांत दर युनिटाला साडेअकरा ते बारा पेन्स पडले. २०१७ सालीं पावणेसहा. २०१९ सालीं चार पेन्सांच्याहि आंत. ज्याला महागडें खेळणें म्हटलें होतें तें कोळशाशीं टक्कर देऊं लागलें. ह्याचें श्रेय मोठ्या यंत्रांना, खास जहाजांना, आणि बांधलेल्या दरामुळें स्वस्त मिळालेल्या कर्जाला आहे. ह्या यंत्राला इंधनाचा खर्च नाहीं, सर्व खर्च आधींच. म्हणून व्याजाचा दर हाच त्याचा कोळसा.

मालकीचें चित्र ह्या काळांत फार बदललें. समुद्रांतील तेल व वायु काढण्यासाठीं डेन्मार्कनें १९७२ सालीं स्थापलेली सरकारी कंपनीच समुद्रांतील पवन-विजेची जगांतील सर्वांत मोठी कंपनी बनली. २०१७ सालीं तेलाचा धंदा विकून तिनें विद्युच्चुंबकत्वाचा शोध लावणाऱ्या एर्स्टेडचें नांव घेतलें. तिच्या आन्होल्ट येथील १११ चक्क्यांचा अर्धा भाग डेन्मार्कच्या दोन निवृत्तिवेतन-निधींनीं घेतला. ह्या निधींत पैसा असतो तो कामगारांचा व परिचारिकांचा. तेव्हां एका अर्थीं लोक पुन्हां मालक झाले, असें कोणी म्हणेल. मी अर्धेंच मान्य करीन. मिडलग्रुंडनच्या सभासदाला आपली चक्की खिडकींतून दिसत होती व वार्षिक सभेंत उठून प्रश्न विचारतां येत होता. निधीच्या सभासदाला पुष्कळदां ठाऊकहि नसतें कीं आपण समुद्रांतील यंत्राचे धनी आहों. २००८ सालीं डेन्मार्कनें कायदा करून नव्या चक्क्यांचे वीस टक्के भाग शेजाऱ्यांस देऊं करण्याची सक्ति केली होती. पुढें तीहि मागें घेण्यांत आली.

ह्या इतिहासाचा एक धागा पुण्यापर्यंत येतो. सुरतेच्या कापडधंद्यांत विजेच्या बिलांनीं त्रासलेल्या तुळशी तांती ह्यांनीं १९९५ सालीं सुझलॉन ही कंपनी काढली. तिचें मुख्य ठाणें पुण्यास. २००७ सालीं तिनें जर्मनीची रीपॉवर कंपनी फ्रेंच प्रतिस्पर्ध्यावर मात करून मिळविली. समुद्रासाठीं पांच मेगॅवॅटचें यंत्र बनविणारा हा त्या काळचा मोजक्यांतला कारखाना. जर्मनीचा भरसमुद्रांतील पहिला कारखाना, २०१० चा आल्फा व्हेंटस, त्यांतील बारांपैकीं सहा यंत्रें रीपॉवरचीं होतीं. म्हणजे कांहीं वर्षें उत्तर समुद्रांत फिरणाऱ्या कांहीं यंत्रांच्या कारखान्याची मालकी पुण्याकडे होती. कर्जाच्या भारानें २०१५ सालीं सुझलॉनला ती कंपनी विकावी लागली, आणि नव्या मालकांच्या हातीं ती २०१९ सालीं दिवाळखोरींत गेली. समुद्र पोहणाऱ्याचें राष्ट्रीयत्व विचारीत नाहीं.

मागील कांहीं वर्षें ह्या उद्योगाला वादळी गेलीं. चीननें २०२१ ह्या एका वर्षांत सुमारें सतरा हजार मेगॅवॅट समुद्रांत उभारून ब्रिटनला मागें टाकलें. स्कॉटलंडच्या पीटरहेडसमोर २०१७ पासून पांच चक्क्या तळाला न टेकतां, सांखळ्यांनीं बांधून, तरंगत वीज देत आहेत. परंतु २०२२ नंतर पोलाद महागलें, व्याज चढलें. २०२३ च्या ब्रिटिश लिलावांत कमाल दर इतका कमी ठेवला होता कीं समुद्रांतल्या चक्क्यांसाठीं एकहि बोली आली नाहीं. त्याच वर्षीं एर्स्टेड कंपनीनें अमेरिकेच्या न्यू जर्सी किनाऱ्यावरील दोन योजना सोडून दिल्या. ५ डिसेंबर २०२४ रोजीं खुद्द डेन्मार्कमध्यें उत्तर समुद्रांतील तीन क्षेत्रांच्या लिलावाची मुदत संपली. अनुदान नाहीं, आणि वीस टक्के वांटा सरकारचा, अशा अटी होत्या. ला कूरच्या देशांत त्या दिवशीं एकहि लिफाफा आला नाहीं.

आपल्या देशानें २०१५ सालीं ह्या विजेचें धोरण ठरविलें. पश्चिमेस गुजरातचा आणि दक्षिणेस तामिळनाडचा समुद्र योग्य ठरला. २०१७ सालीं खंबायतच्या आखातांत पिपावाव बंदराजवळ प्रकाशकिरणांनीं वारा मोजणारें यंत्र बसविण्यांत आलें, आणि जून २०२४ मध्यें केंद्रीय मंत्रिमंडळानें पांच-पांचशें मेगॅवॅटच्या दोन कारखान्यांसाठीं व दोन बंदरांच्या सुधारणेसाठीं ७,४५३ कोटि रुपये मंजूर केले. तेथील समुद्रावर वारा जूनपासून ऑगस्टपर्यंत मुसंडी मारतो आणि पुढें मंदावतो. उत्तर समुद्रासारखा तो हिंवाळाभर साथ देत नाहीं, आणि चक्रीवादळांचें भय निराळेंच. डेन्मार्कचीं यंत्रें जशींच्या तशीं आणून हें गणित सुटणार नाहीं. आणि ज्या पाण्यांत तीं उभीं राहतील त्या पाण्यांत जाफराबाद व वेरावळ येथील खारवी आजहि जाळीं टाकीत आहेत.